फॅमिली कोर्टातली वकिली आणि मीडिएशन: चाळिशीला टेकल्यावर या लाइनला यावं का?

तळ्यातमळ्यात | सोम, सकाळी १०:१२

मंडळी, इथे वकील आणि कोर्टकचेरीतले बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून विचारतेय. मी पुण्यात, वय ३९, आयटी कंपनीत एचआरमध्ये बरीच वर्षं घासलीत. ऑफिसच्या पॉश कमिटीवर (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या) होते. भांडणाऱ्या दोन माणसांना समोर बसवून शांतपणे ऐकून घेणं मला जमतं असं लोक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. मध्यंतरी चुलत बहिणीचं प्रकरण मीडिएशनमध्ये, म्हणजे तटस्थ माणसाच्या मध्यस्थीने, मिटलं, तिच्या सोबतीला बाहेर बाकावर बसायला जायचे, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की एलएलबी करावं, फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करावी आणि पुढे मीडिएटर व्हावं.

नवरा म्हणतो कर, होमलोन संपत आलंय. आई म्हणते लोकांच्या काडीमोडावर पोट भरणार का तू.

या वयात सनद (वकिलीचा परवाना) घेऊन काही होतं का, पैसे कधी दिसायला लागतात, वकिली आणि मीडिएशन एकाच माणसाला जमतं का, आणि रोज लोकांची रडगाणी ऐकून डोकं ठिकाणावर राहतं का? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज. गुळमुळीत नको, खरं खरं लिहा.

रस्सा_जादा | सोम, १०:३१

धागा शंभरी गाठणार. आईच्या प्रश्नाला उत्तर: डॉक्टर लोकांच्या आजारपणावरच पोट भरतो ना. चला, पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पुरसिस | सोम, ११:४५

मी याच लाइनची, पुण्यातच. लांब लिहीन, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी कोरडा भाग उरकते. तीन वर्षांच्या एलएलबीला सीईटी द्यावी लागते, वरच्या वयाची अट नाही. डिस्टन्सने केलेलं एलएलबी बार कौन्सिलला चालत नाही आणि हजेरीची अट आहे, तेव्हा नोकरी सांभाळून करायचं असेल तर कॉलेजच्या वेळा आधी बघ. मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनद, मग ऑल इंडिया बारची परीक्षा. सनदेची फी पूर्वी बरीच जास्त होती, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ठणकावून सांगितलं की कायद्यात आहेत तेवढेच घ्या, जनरलला ७५० रुपये. आणि सनद घेतली की पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे एक पाय एचआरमध्ये आणि एक कोर्टात असं नाही चालणार.

आता गंमत बघ. फॅमिली कोर्टात वकिलाला मुळात हक्कच नाही. फॅमिली कोर्ट्स अॅक्ट १९८४ चं कलम १३ सांगतं की पक्षकाराला वकील लावायचा हक्क म्हणून मागता येणार नाही. त्यामुळे वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज द्यायचा. परवानगी मिळते, रोज मिळते, पण कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते यावरून कळतं. त्यांना वाटत होतं की नवरा-बायको, जज आणि समुपदेशक एवढ्यात मिटेल. कलम ९ तर जजवरच जबाबदारी टाकतं की आधी समेटाचा प्रयत्न करा. मुंबई-पुण्यात ही कोर्टं १९८९ पासून आहेत, आणि आपल्याकडे विवाह समुपदेशक कोर्टाच्याच इमारतीत बसतात.

बाकी जेवून आल्यावर.

नाना_चिडका | सोम, १२:२०

मिटतं वगैरे सगळं कागदावर. माझ्या धाकट्या भावाची केस सात वर्षं चालली. वकील प्रत्येक तारखेचे पैसे घ्यायचा आणि निम्म्या वेळा समोरचा वकील आजारी नाहीतर आपला दुसऱ्या कोर्टात. ज्याला तारखेवर पैसे मिळतात तो केस संपवेल कशाला? ताईंनी या धंद्यात पडू नये आणि पडल्याच तर आधी स्वतःच्या मनाला विचारावं.

पुरसिस | सोम, १४:०५

नानांचं म्हणणं मी खोडणार नाही. असे वकील आहेत, आमच्या बाररूममध्ये चहा पिताना त्यांची नावंही आम्हाला माहिती असतात. पण सात वर्षांतलं सगळं वकिलाच्या खात्यावर टाकू नका. एका लग्नातून किती केसेस निघतात बघा. नवरा "नांदायला यावं" म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज टाकतो. बायको डीव्हीची (घरगुती हिंसाचाराची) तक्रार मॅजिस्ट्रेटकडे करते. पोटगीचा अर्ज फॅमिली कोर्टात, जुन्या सीआरपीसीचं १२५, आता बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं १४४. ४९८अ, म्हणजे विवाहितेच्या छळाचा गुन्हा असेल (आता नव्या दंडसंहितेचं, बीएनएसचं ८५) तर ते क्रिमिनल कोर्टात. मुलाच्या कस्टडीचा अर्ज वेगळा. चार बोर्ड (कोर्टाच्या त्या दिवसाच्या केसेसच्या याद्या), चार तारखा, आणि दर ठिकाणी दुसऱ्या केसचं कारण सांगून पुढची तारीख. यात वकिलाने वाईट वागायचीही गरज नसते, गाडं आपोआप अडकतं.

म्हणून मी तारखेवर पैसे घेत नाही. टप्प्यांवर घेते: अर्ज दाखल, अंतरिम पोटगी, पुरावा, निकाल. निकालाच्या रकमेत टक्केवारी घ्यायला वकिलाला मनाईच आहे, कोणी पोटगीत हिस्सा मागितला तर सरळ उठून बाहेर पडा.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे. या कामात कायदा थोडा आणि कागद फार. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जं सगळ्याचं अॅफिडेव्हिट द्यावं लागतं. ते वाचता येणं हे माझ्या मते निम्मं कौशल्य आहे. नवरा लिहितो पगार अमुक, कपातच इतकी की हातात काही येत नाही. मग स्लिप बघायची, पीएफ ऐच्छिक वाढवलाय का, केस दाखल झाल्यावर अचानक नवं कर्ज काढलंय का, भावाच्या नावावर दर महिन्याला काय जातंय. बायको लिहिते उत्पन्न शून्य, आणि तिच्या बँक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास दहाबारा पालकांचे यूपीआय, म्हणजे घरी शिकवण्या. दोघंही साधीच माणसं असतात, घाबरलेली असतात म्हणून लपवतात. तू एचआरची आहेस, सीटीसी आणि इनहँड यातली चलाखी तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. हे तुझं भांडवल समज.

सोलापुरी_चादर | सोम, १५:३०

मी तीन वर्षं झाली सनद घेऊन, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टात. इकडचं चित्र वेगळंय म्हणून लिहितो. तालुक्याला फॅमिली कोर्ट नाही, हिंदू विवाह अर्ज सिव्हिल जज सीनियर डिव्हिजनपुढे चालतात, त्याच बोर्डावर वाटपाचे दावे आणि बांधाची भांडणं. समुपदेशक वगैरे कोण नाही. केस यायच्या आधी बैठक झालेली असते, दोन्हीकडचे पाव्हणे, गावचा एखादा पुढारी, कागद पण झालेला असतो शंभरच्या स्टॅम्पवर "फारकत" म्हणून. पार्टी म्हणते वकीलसाहेब घटस्फोट तर झालाय, फक्त शिक्का मारून द्या. ज्या समाजात तशी रूढी सिद्ध होते तिथं वेगळी गोष्ट, नाहीतर त्या कागदाला कोर्टात काही किंमत नाही हे पटवायला अर्धा दिवस जातो. काहींनी तर त्या कागदावर दुसरं लग्न पण केलेलं असतं मग पुढचा राडा.

पैशाचं म्हणाल तर सीनियर पहिल्या वर्षी काय देत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ ला परिपत्रक काढलं ज्युनियरला शहरात २० हजार, गावाकडं १५ हजार द्या म्हणून. ते परिपत्रक आम्ही एकमेकांना फॉरवर्ड करतो आणि हसतो.

समुपदेशी | सोम, १७:१०

मी पूर्वी कोर्टात समुपदेशक होते, शिक्षण एमएसडब्ल्यू. धागाकर्तीने एक गोष्ट लक्षात घ्यावी, समुपदेशक आणि मीडिएटर ही एकच खुर्ची नाही. आमच्याकडे जोडपं यायचं तेव्हा पहिला प्रश्न "परत एकत्र येण्याची काही शक्यता आहे का" हा असायचा. मुलांच्या भेटीही आम्हीच बघायचो. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात तर त्यासाठी चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स आहे, खेळणी वगैरे. मीडिएटरला एकत्र आणण्याचा आग्रह नसतो. नीट वेगळं व्हायचंय? तेही त्याचं कामच.

आणि मीडिएटर व्हायला वकील असावंच लागतं असं नाही. ४० तासांचं प्रशिक्षण असतं, सुप्रीम कोर्टाच्या मीडिएशन कमिटीने ते घालून दिलंय. तुम्हाला खरोखर मीडिएशनच करायचं असेल तर आधी एलएलबी, मग सनद, मग दहा वर्षं प्रॅक्टिस हा रस्ता फार लांबचा पडतो. मात्र कोर्टाच्या पॅनेलवर अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायाधीशच जास्त असतात हेही खरं.

तळ्यातमळ्यात | सोम, २१:४०

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. पुरसिसताई, मीडिएशनच्या खोलीत नेमकं काय होतं ते लिहाल का? मी बहिणीबरोबर गेले पण मला बाहेरच बसवलं होतं.

आणि नाना, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं.

पुरसिस | मंगळ, ०७:५०

बाहेर बसवलं ते बरोबरच. बोललेलं गोपनीय असतं, मीडिएटर कोर्टाला एवढंच कळवतो की तडजोड झाली किंवा नाही झाली. कोण काय बोललं, कोण किती रकमेवर अडलं, हे जजला कळत नाही, आणि म्हणूनच माणसं तिथे खरं बोलतात.

सुरुवातीला दोघांना एकत्र बसवून नियम सांगायचे, मग एकेकाला वेगळं घ्यायचं. वेगळ्या बैठकीत जे कळतं ते अर्जात कधीच नसतं. ओळख पटणार नाही इतपत बदलून एक सांगते. सगळं ठरलं होतं, एकरकमी पोटगी, फ्लॅट कोणाकडे, मुलगी कोणाकडे, अगदी फ्रिज-सोफ्यापर्यंत. अडलं कशावर तर लग्नात मुलीला माहेरहून देतात त्या अन्नपूर्णेवर. दोन इंचाची पितळी मूर्ती. ती सासूच्या देवघरात. सासूबाई म्हणतात पूजेतला देव उचलून द्यायचा नसतो, आणि ही म्हणते माझ्या आईने दिलेली आहे, दागिने नकोत पण ती हवी. दोन्ही वकील वैतागलेले, नवरा म्हणतोय मी नवीन आणून देतो चांदीची. कायद्याने बघायचं तर स्त्रीधन, विषय संपला. पण असं सांगून विषय संपत नव्हता. मी सासूबाईंना बोलावून घेतलं, त्या पक्षकार नव्हत्या तरी. त्यांचं म्हणणं पाऊण तास ऐकलं. शेवटी कळलं की बाईंना मूर्ती ठेवायची नव्हती, त्यांना एवढंच हवं होतं की सुनेने घरी येऊन स्वतः न्यावी, कोर्टाच्या व्हरांड्यात पिशवीतून देव द्यायला त्यांची तयारी नव्हती. सून तयार झाली. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तडजोडीच्या अटींच्या कागदात, कलम घातलं, "पितळी अन्नपूर्णा मूर्ती, एक नग", तारीख भटजींना विचारून.

वकील म्हणून मी त्या केसमध्ये असते तर स्त्रीधनाच्या यादीचा अर्ज टाकला असता आणि जिंकलेही असते, दीड वर्षाने.

म्हणून तुझा तिसरा प्रश्न, दोन्ही एकाला जमतं का, तर जमतं, पण एकाच केसमध्ये नाही. ज्या वादात मीडिएटर झालीस त्यात पुढे कोणाची वकील होता येत नाही, मीडिएशन अॅक्ट २०२३ मध्येही तसं आहे (पक्षकारांनी वेगळं ठरवलं नसेल तर). खरी अडचण स्वभावाची येते. सकाळी उलटतपासात समोरच्याला शब्दात पकडायचं आणि दुपारी तसंच बोलणाऱ्या माणसाला म्हणायचं सावकाश सांगा, घाई नाही. माझ्या ओळखीत उत्तम वकील आहेत जे मीडिएटर म्हणून अगदीच फसतात, कारण पाचव्या मिनिटाला त्यांना कोण बरोबर ते कळलेलं असतं आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

मांडवीकाठ | मंगळ, ०९:२५

गोव्याचं सांगतो, कारण सनद एकाच कौन्सिलची असली तरी काम पार वेगळं. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, लग्नाआधी करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. धर्म कुठलाही असो. तुमच्याकडे बायकोला "नवऱ्याच्या फ्लॅटमध्ये माझा वाटा किती" विचारलं की वकील पोटगीकडे वळतो, कारण हिंदू कायद्यात लग्नानंतरच्या कमाईचा वाटा असा नाहीच. आमच्याकडे वाटा आहेच, भांडण असतं ते मोजदादीचं. त्यामुळे आमचं अर्धं आयुष्य इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमध्ये (मालमत्तेची यादी आणि वाटणी) जातं, काजूची बाग, पणजोबांच्या नावचं घर, सह्या करायला लिस्बनला बसलेले चुलते. तरुण मुलं लग्नाची नोंदणी करायला येतात तेव्हा कराराचं विचारलं की लाजतात. अरे बाबांनो, लग्न लागल्यावर ते बदलता येत नाही, तेव्हाच विचारा!

बे_एरिया_माई | मंगळ, १०:५०

मांडवीकाठ, अगदी. कॅलिफोर्नियात पण कम्युनिटी प्रॉपर्टी. मी इथे एका फॅमिली लॉ अॅटर्नीच्या ऑफिसात पॅरालीगल (वकिलाची सहायक) आहे. १९७० पासून इथे घटस्फोटाला कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही, कमीत कमी सहा महिने थांबायचं एवढंच. आणि मुलांच्या कस्टडीवर वाद असेल तर जजपुढे जायच्या आधी मीडिएशन सक्तीचं, १९८१ पासून. त्यामुळे इथे मीडिएटर ही अॅटर्नींची नेहमीची कमाई आहे, तासावर बिल. शिवाय बारची परीक्षा झाल्यावर अनुभव आणि वेगळी परीक्षा देऊन सर्टिफाइड फॅमिली लॉ स्पेशालिस्ट होता येतं, त्याला मान आहे.

आपली मराठी जोडपी येतात तेव्हा गोंधळ वेगळाच होतो. लग्न पुण्यात हिंदू विवाह कायद्याने, घर सॅन होजेला, सासरे चिंचवडला. एकाने इथे एकतर्फी डिक्री (घटस्फोटाचा हुकूम) घेतली की त्याला वाटतं सुटलो. पण सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा नरसिंह राव निकाल आहे, ज्या कायद्याने लग्न झालं त्या कायद्यातलं कारण नसेल आणि दुसरी बाजू त्या कोर्टाला मान्यता देऊन हजर झाली नसेल तर ती डिक्री भारतात चालत नाही. म्हणजे इथे घटस्फोटित आणि तिकडे विवाहित. तळ्यातमळ्यात, तुम्ही हे दोन्हीकडचं समजून घेतलंत तर एनआरआय कामाला पुण्यात मरण नाही.

रस्सा_जादा | मंगळ, ११:०२

"इथे घटस्फोटित आणि तिकडे विवाहित", आयडी बदलून घेऊ का हा?

नाना_चिडका | मंगळ, १३:१५

मूर्तीची गोष्ट वाचली. भावाच्या वेळी असं कोणी बसवून विचारलंच नाही. शेवटी म्युच्युअलच (दोघांच्या संमतीने घटस्फोट) झालं, जे पहिल्या वर्षी होऊ शकत होतं. असो. एक शंका, आता म्हणे सहा महिने थांबावं लागत नाही आणि संसार मोडलाच असेल तर लगेच घटस्फोट मिळतो असा मेसेज फिरतोय, खरं का?

पुरसिस | मंगळ, १४:४०

नाना, अर्धं खरं. म्युच्युअल म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं १३ब, त्यात आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असायला हवं, मग अर्ज, मग सहा महिने. ते सहा महिने माफ करता येतात हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात आलं, पण दोघं दीडेक वर्ष आधीच वेगळे हवेत आणि पोटगी-कस्टडी सगळं मिटलेलं हवं. आणि संसार पार मोडलाय या एका कारणावर घटस्फोट द्यायचा अधिकार सुप्रीम कोर्टाचा, राज्यघटनेच्या १४२ कलमाखाली, २०२३ चा शिल्पा शैलेश निकाल. शिवाजीनगरच्या, म्हणजे पुण्याच्या फॅमिली कोर्टातल्या, जजला तो अधिकार नाही. दर आठवड्याला कोणीतरी तो मेसेज दाखवून माझ्याशी वाद घालतं.

म्युच्युअलचा ड्राफ्ट हा माझ्या मते या धंद्यातला खरा कस. नवशिके लिहितात "वडिलांना मुलाला भेटण्याचा हक्क राहील". झालं, पुढच्या दिवाळीला दोघं परत कोर्टात. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी किती ते किती, घ्यायला कोण येणार, आजोबा चालतील का, पोचवायचं दाराशी की सोसायटीच्या गेटपाशी, गणपती कुठे, दिवाळीतला पाडवा कोणाकडे, मे महिन्याच्या सुट्टीचे अर्धे दिवस कसे मोजायचे, शाळेच्या ग्रुपवर दोघं राहणार का, पासपोर्टच्या फॉर्मवर सही कोण किती दिवसांत करणार. आणि पैसे कधीच एकदम नाहीत. काही डीडी अर्जाच्या वेळी, काही शेवटच्या जबाबाच्या वेळी, आणि ४९८अ असेल तर शेवटचा हप्ता हायकोर्टात एफआयआर रद्द होईल त्या दिवशी, कारण ते कलम खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही. हा क्रम चुकला की एक बाजू पैसे घेऊन बसते आणि दुसरी केस अंगावर घेऊन.

तळ्यातमळ्यात | मंगळ, २२:०५

हे वाचून माझी धडधड वाढली पण इच्छा पण वाढली. पैशाचं मात्र कोणी नीट सांगत नाहीये हां. आणि डोक्याचं काय होतं तेही राहिलं.

पुरसिस | बुध, ०८:१५

पैसे: पहिली दोनतीन वर्षं पेट्रोल-डबा सुटला तरी खूप, हे धरूनच ये. जाहिरात करता येत नाही, तेव्हा कामं येतात ती मिटवलेल्या केसच्या तोंडी शिफारशीवर, आणि त्याला वेळ लागतो. कोर्टाकडून येणाऱ्या मीडिएशनचं मानधन अगदी नाममात्र, त्यावर घर चालत नाही. खाजगी मीडिएशन वाढतंय, २०२३ च्या कायद्याने तडजोडीच्या कागदाला डिक्रीसारखं वजन दिलं, पण त्यातली सगळी कलमं अजून लागू झालेली नाहीत आणि आपल्या लोकांना बोलण्याचे पैसे द्यायची सवयही नाही. "नुसतं बोललात ना मॅडम, केस कुठे लढलात" हे मला तोंडावर ऐकवलंय. समुपदेशी म्हणतात तो छोटा रस्ता आहे हे मान्य, पण मी तरी सांगेन की आधी लढायला शीक. ज्याला कोर्टात पुढे काय होणार हे माहीत नाही तो खोलीत बसून दोघांना "विचार करा" एवढंच सांगू शकतो.

डोक्याचं: मोठ्यांच्या रडण्याची सवय होते. मुलं "मी कोणाकडे राहू" विचारतात त्याची होत नाही. मी संध्याकाळी सातनंतर अशिलांचे फोन घेत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर कोणाच्याही नवऱ्याचे स्क्रीनशॉट बघत नाही, ते प्रिंट करून तारखेसह आणा म्हणते. नव्वद टक्के स्क्रीनशॉट तिथेच गळतात.

समुपदेशी | बुध, ०९:००

स्क्रीनशॉटला +१. "लढायला शीक" याला मात्र असहमत, पण त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

तळ्यातमळ्यात | बुध, १३:२०

काढाच. बरं, शेवटचं: कॉलेजला जायच्या आधी कोर्टात जाऊन काही बघता येईल का? नुसतं मागे बसून.

पुरसिस | बुध, १३:५५

फॅमिली कोर्टात बऱ्याच सुनावण्या बंद दाराआड होतात, मागे बसू देतील असं धरून चालू नकोस. व्हरांड्यात बस. अकरा ते दीड. तेवढं पुरे सध्या. नंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन विचार, पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून घेतात, त्याला सनद लागत नाही.

सोलापुरी_चादर | बुध, १६:१०

आणि ताई डोमिसाइल असेल तर शोधून ठेवा, नसेल तर आत्ताच अर्ज टाका. अॅडमिशनच्या टायमाला सेतू केंद्रात सर्व्हर बंद असतोय.